आधी आकडा सांगा, मग मागणी विचारा

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींत पुढच्या आर्थिक वर्षाच्या विकास आराखड्याचे काम सुरू होते. जानेवारीअखेर तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा असतो. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. गावफेरी, शिवारफेरी, महिला सभा, वंचित घटकांच्या बैठका, बालसभा आणि शेवटी ग्रामसभेची मंजुरी, असा तिचा क्रम आहे. पण अनेक गावांत हा सगळा क्रम कार्यालयातल्या एका दुपारी उरकला जातो. मागच्या वर्षीची यादी उघडायची, दोन-चार कामे बदलायची, ग्रामपंचायतीतल्या संगणक सेवा केंद्राच्या चालकाने ती पोर्टलवर भरायची आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरवायचे.

यावर नेहमीचा उपाय सांगितला जातो तो असा, की लोकांनी ग्रामसभेला यायला हवे. हा उपदेश थांबवायला हवा. शेतातले काम टाकून ग्रामसभेला जाणाऱ्या माणसाला तिथे जाऊन काही बदलते आहे असे दिसले, तर तो पुन्हा येतो. आज त्याला दोन गोष्टी कळत नाहीत. मागणी करण्यापूर्वी गावाकडे किती पैसे आहेत ते कळत नाही आणि मागणी केल्यानंतर तिचे काय झाले तेही कळत नाही. या दोन्ही गोष्टी लेखी आणि वेळेवर सांगितल्या, तर आराखड्यातले निम्मे दोष आपोआप कमी होतील असे आमचे ठाम मत आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही.

पैशापासून सुरुवात करू. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली, घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आले, पण गावाच्या हातात भरवशाची रक्कम यायला 2015 उजाडले. 14व्या वित्त आयोगाचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना मिळू लागले आणि त्याच सुमारास राज्याने ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम हाती घेतला. 2018 पासून केंद्राची ‘सबकी योजना, सबका विकास’ मोहीम आली. 15व्या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात अनुदानाचे दोन भाग होते. 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही.

समजा, याच प्रमाणाने 3,000 लोकवस्तीच्या गावाला वर्षाला 15 लाख रुपये येणार आहेत. त्यातले साडेचार लाख पाण्याचे, साडेचार लाख स्वच्छतेचे आणि सहा लाख मोकळे. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली चांगली असेल तर आणखी चार-पाच लाख. या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंपाचे वीजबिल, पथदिव्यांचे बिल, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार वजा केला, की गावाला खरोखर निवड करायला उरतात जेमतेम सहा-सात लाख. हा आकडा ग्रामसेवकाला ठाऊक असतो (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे), सरपंचाला ठाऊक असतो. गावाला ठाऊक नसतो.

मग ग्रामसभेत मागण्यांचा पाऊस पडतो. प्रत्येक आळीला काँक्रीटचा रस्ता, प्रत्येक देवळापुढे पेव्हर ब्लॉक, सभामंडप, कमान, हायमास्ट दिवा. कोणी ‘नाही’ म्हणत नाही, कारण नाही म्हटले की मते जातात. सगळे लिहून घेतले जाते. पोर्टलचा नियमही याला खतपाणी घालतो. मंजूर आराखड्यात नसलेल्या कामाचे पैसे काढता येत नाहीत, म्हणून उद्या अडायला नको या विचाराने शंभर-दीडशे कामे थोड्याथोड्या रकमेने भरून ठेवली जातात. यादी दीड-दोन कोटींची, निधी वीस लाखांचा. यातली कोणती दहा कामे घ्यायची हे मग वर्षभरात सरपंच, एखादा वजनदार सदस्य आणि ठेकेदार मिळून ठरवतात. आराखडा करताना निवड होतच नाही. निवड आराखड्यानंतर होते आणि तेव्हा गाव तिथे नसते. लोकसहभाग निसटतो तो नेमका इथे. हजेरीपटावर कितीही सह्या असल्या तरी तो भरून येत नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे एक पानी हिशेब. ग्रामसभेच्या नोटिशीबरोबर, म्हणजे किमान सात दिवस आधी, तो चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, दूध डेअरीत, रेशन दुकानात आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागायला हवा. दवंडीतही आकडा सांगावा. पानावर मोजकेच लिहायचे: मागच्या वर्षीची शिल्लक, पुढच्या वर्षीची अपेक्षित रक्कम, त्यातली बंधित किती आणि अबंधित किती, आधीच ठरलेला खर्च किती, आणि निवडीसाठी उरलेली रक्कम. खाली मागच्या आराखड्यातल्या कामांची स्थिती: पूर्ण, सुरू किंवा सुरूच नाही, आणि सुरू नसेल तर एका ओळीत कारण. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे अशी माहिती कोणी अर्ज करण्याआधीच जाहीर करायची असते, त्यामुळे यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. आयोग बदलतो तसे टक्के आणि अटी बदलतात. 16व्या आयोगाचा कालावधी 2026-27 पासून आहे, तेव्हा दरवर्षी ताज्या परिपत्रकातलेच आकडे घ्यावेत.

आकडा कळला की मागणीची जातच बदलते. ‘आमच्या वस्तीला रस्ता पाहिजे’ म्हणणारा माणूस सहा लाख हे सगळ्या गावाचे आहेत हे कळल्यावर विचारतो, ‘पूर्ण रस्ता राहू द्या, ओढ्यावर मोरी टाकली तर पावसाळ्यात पोरं शाळेत जातील का?’ या प्रश्नाला नियोजन म्हणतात.

दुसरी पायरी: गावाने चावडीवर यायचे ही सवय सोडून बैठक वस्तीवर न्यायची. कोकणातल्या एका ग्रामपंचायतीत आठ-दहा वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या असतात. गट ग्रामपंचायतीत तर तीन-चार महसुली गावे एकत्र बांधलेली असतात. ग्रामसभा मुख्य गावात भरते, आणि ज्या वाडीहून तास-दीड तास चालत यावे लागते ती वाडी आराखड्यातही लांबच राहते. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, कायद्याने पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मान्य केली आहे, महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 साली आले. उरलेल्या महाराष्ट्रातही वाडीवार बैठक घ्यायला काहीच आडकाठी नाही. प्रत्येक वस्तीवर दोन तासांची एक बैठक, संध्याकाळी सात-साडेसातनंतर, त्या वॉर्डाच्या सदस्यासमोर. सहा वस्त्या असल्या तर सहा संध्याकाळी लागतात.

वेळेचा विचार तर मुळातून करावा लागेल. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे मराठवाडा-विदर्भात सोयाबीनच्या काढणीचा हंगाम. सकाळी अकराच्या सभेला शेतमजूर येणार नाही, त्याची दिवसाची मजुरी जाते. बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या ऊसतोड कुटुंबांचे गणित आणखी अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आराखड्याची मोहीम बरोबर त्याच महिन्यांत चालते. जी कुटुंबे वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतात, ज्यांच्या मुलांची शाळा तुटते, ज्यांच्या म्हाताऱ्यांना मागे राहून पाणी भरावे लागते, त्यांच्या गरजा आराखड्यात येतच नाहीत. यावर उपाय सोपा आहे. अशा वस्त्यांची बैठक सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघण्याआधी घ्यायची आणि तिचे इतिवृत्त ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायचे. शासनाने मोहिमेची तारीख दिली म्हणजे त्याआधी लोकांशी बोलायला बंदी घातली असा अर्थ होत नाही.

वस्तीवरच्या बैठकीत भाषण नको. जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने वस्तीचा नकाशा काढायला सांगावे. आधी रस्ता आणि ओढा, मग देऊळ-शाळा-अंगणवाडी अशा खुणा, मग घरे. घरांवर खडे-पाने ठेवून माहिती भरायची: नळ आहे तिथे पांढरा खडा, शौचालय वापरात आहे तिथे हिरवे पान, एकट्या बाईचे किंवा दिव्यांग व्यक्तीचे घर असेल तिथे लाल फूल. कोणाचेही नाव न विचारता अर्ध्या तासात वस्तीचे चित्र उभे राहते, आणि नकाशा पायाखाली असल्यामुळे चूक काढायला अक्षर ओळखावे लागत नाही. तिथे काय बिघडते तेही माहीत असावे. नकाशा चावडीपुढे काढला तर गावठाण बारकाव्यासह येते आणि टोकाची वस्ती एका गोळ्यात संपते. नकाशा काढायची काठी पुरुषांच्या हातात राहिली तर शेत, रस्ता, विजेची डीपी दिसतात. पाणवठा आणि सरपणाची वाट राहून जाते. म्हणून नकाशा वस्तीवरच काढावा, काठी बायकांच्या हाती द्यावी आणि त्याच संध्याकाळी दिशा दाखवून तो कार्डशीटवर उतरवून घ्यावा. दुसऱ्या दिवसावर टाकले की फोटो उरतो आणि त्यातून काहीच वाचता येत नाही.

गावफेरीचेही तसेच, तिथेही भाषण नको, मोजणी हवी. पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर तर गाव आणि अधिकारी यांच्यात नेहमी एकच संवाद होतो. लोक म्हणतात पाणी येत नाही, कार्यालय म्हणते योजना सुरू आहे. हा वाद मिटवायला 15 लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दिवसाला 55 लिटर आहे. पाच जणांच्या घराला 275 लिटर लागतात. पाणी 45 मिनिटे सुटत असेल तर मिनिटाला सहा लिटरपेक्षा थोडे जास्त यायला हवे, म्हणजे 15 लिटरची बादली अडीच मिनिटांत भरायला हवी. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत घ्यावे, टाकीजवळच्या पहिल्या नळापासून शेवटच्या नळापर्यंत चालत जावे आणि दहा-बारा ठिकाणी वेळ मोजून नकाशावर लिहावी. पहिल्या नळावर एक मिनिट आणि शेवटच्या नळावर सहा मिनिटे लागत असतील, तर गावाला नवी टाकी नको आहे. मधे व्हॉल्व्ह बसवून दोन झोन पाडणे, बेकायदा टुल्लू पंप काढणे किंवा गळती बंद करणे पुरेल. सगळीकडेच पाच-सहा मिनिटे लागत असतील तर मात्र उद्भव (पाण्याचा मूळ स्रोत), पंप किंवा पाणी सोडण्याची वेळ तपासावी लागेल. ‘नवी टाकी’ ही लाखोंची मागणी आणि ‘दोन व्हॉल्व्ह’ ही हजारोंची. फरक एका सकाळच्या मोजणीचा आहे, आणि ही मोजणी गावातली बारावी झालेली मुलगी कोणत्याही अभियंत्याइतकीच नेमकी करू शकते.

लोकांना तांत्रिक कळत नाही, म्हणून नियोजन तज्ज्ञांवर सोडावे, असे म्हणणाऱ्यांनी गावातले काँक्रीट रस्ते पाहावेत. रस्ता आधी होतो, वर्षभरात जलवाहिनीसाठी तो फोडला जातो, चर मुरुमाने बुजवतात आणि तिथून रस्ता खचतो. किंवा जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकत राहतात. दहा वर्षांत रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर जातो आणि पावसाचे पाणी घरात शिरते. तांत्रिक मान्यता या सगळ्याला मिळालेली असते. त्या आळीत राहणाऱ्या कोणालाही आधी विचारले असते तर त्याने सांगितले असते: आधी पाइप, मग गटार, मग रस्ता, आणि जुना थर खणून काढा. गावाचे ज्ञान आणि अभियंत्याचे ज्ञान एकमेकांची जागा घेत नाही. शाखा अभियंता अंदाजपत्रक करायला येण्याआधी ही माणसे भेटली पाहिजेत, नंतर नव्हे. आज तो आराखडा मंजूर झाल्यावर येतो, आणि कामाची रक्कम आधीच ठोकताळ्याने लिहिलेली असल्यामुळे त्या रकमेत बसेल तेवढा तुकडा काढून देतो. अर्धवट गटारे अशीच जन्माला येतात, आणि ती जिथे संपतात तिथल्या घरासमोर डबके होते.

सांडपाण्याच्या बाबतीत तर बंधित निधी असूनही चुकीची कामे होतात. नांदेड जिल्ह्यातून पुढे आलेला जादुई शोषखड्डा ही चांगली कल्पना आहे. घराजवळच पाणी मुरते, उघडी गटार वाहत नाही, डास कमी होतात. पण जिथे काळी चिकण माती खोलवर आहे तिथे पाणी मुरत नाही, आणि पावसाळ्यात खड्डाच पाण्याने भरून येतो. खड्डा घेण्याआधी एका ठिकाणी खणून, पाणी ओतून, ते किती वेळात उतरते ते पाहायचे. इतके करायलाही उद्दिष्टाच्या घाईत वेळ दिला जात नाही. गाळ अडकवणारी जाळी किंवा छोटी टाकी आधी नसली तर मुरमाड जमिनीतला खड्डाही वर्ष-दोन वर्षांत बुजतो. साफ कोण करणार हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय लिहू नये, कारण करणार तीच आहे.

इथे एक रकाना आग्रहाने मागावा लागेल, जो आज कुठल्याच नमुन्यात ठळकपणे दिसत नाही: चालवायचा खर्च. पाणी शुद्धीकरणाचे यंत्र आले, फिल्टर बदलायला पैसे नाहीत म्हणून बंद. सौर पथदिवे आले, बॅटरी गेली, खांब उभे. खुल्या व्यायामशाळेचे साहित्य गवतात. प्रत्येक कामासमोर ‘वर्षाला किती लागेल आणि कोण देईल’ हे लिहिले, तर ग्रामसभा स्वतःच काही कामांना नाही म्हणेल. पाणीपट्टी वाढवायची की पंपाचे तास कमी करायचे, ही चर्चा लोकांसमोर झाली तर लोक पैसे देतात. ठराव पाठीमागे झाला तर थकबाकी वाढते.

महिला सभा ग्रामसभेआधी घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती बहुधा हजेरीपटापुरती होते. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना निरोप जातो, बचत गटाच्या अध्यक्षा येतात, सह्या होतात, चहा होतो. महिला सभेत ठरलेल्या गोष्टींचे ग्रामसभेत काय झाले हे पाहिले तर उत्तर बहुतेक वेळा ‘नोंद घेतली’ एवढेच असते. उमेद अभियानाचे ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचे संघ, दरवर्षी घरोघरच्या गरजा भरून आपला आराखडा ग्रामपंचायतीला देतात, तोही फायलीत जातो. यावर एक साधा नियम करता येतो: महिला सभेने पहिल्या तीन क्रमांकांवर ठरवलेली कामे ग्रामसभेत सर्वांत आधी चर्चेला घ्यायची, आणि एखादे वगळायचे असेल तर कारणासह ठराव लिहायचा. असा ठराव ग्रामसभाच करू शकते, वरून आदेश यावा लागत नाही.

प्राधान्य कसे ठरवायचे हा खरा कसोटीचा भाग. हात वर करून मतदान घेतले तर मोठी भावकी, मोठी वस्ती दरवर्षी जिंकते आणि छोटी वस्ती दरवर्षी हरते. एकदा हरलेला माणूस समजून घेतो, पाच वर्षे हरलेला माणूस यायचा बंद होतो. चिंचोक्यांचा उपाय बरा. प्रत्येकाला पाच चिंचोके, पुरुषांना साधे आणि बायकांना रंगवलेले, आणि प्रत्येक कामाच्या चित्रासमोर एक वाटी. आपले पाच चिंचोके कुठे किती टाकायचे ते ज्याने त्याने ठरवावे. वाट्या झाकलेल्या हव्यात, नाहीतर मागचे लोक पुढच्यांकडे पाहून टाकतात. मोजणी सर्वांसमोर व्हावी आणि दोन्ही रंगांचे आकडे वेगळे लिहावेत. बायकांचा आणि पुरुषांचा पहिला क्रमांक वेगळा आला, तर तो फरकच चर्चेचा विषय व्हायला हवा.

पण चिंचोके संख्येचा प्रश्न सोडवत नाहीत. त्यासाठी रक्कमच आधी वाटून घ्यावी लागते. आमची सूचना अशी: कायद्याने राखून ठेवलेले हिस्से बाजूला काढल्यावर उरलेल्या अबंधित रकमेचा निम्मा भाग वस्त्यांना लोकसंख्येप्रमाणे द्यावा, त्यात सर्वांत मागे राहिलेल्या वस्तीला दीडपट धरावे, आणि त्या पैशात काय करायचे ते त्या वस्तीनेच ठरवावे. उरलेला निम्मा भाग शाळा, आरोग्य उपकेंद्र, स्मशानभूमी अशा सगळ्या गावाच्या कामांसाठी. सहा लाखांतले तीन लाख सहा वस्त्यांत गेले तर वाट्याला सरासरी पन्नास हजार येतात. रक्कम छोटी आहे, हे खरे. पण हातपंप दुरुस्त होतो, मोरी बसते, पथदिवे लागतात, आणि ‘आमच्या वाट्याचे’ म्हणून लोक त्या कामावर लक्ष ठेवतात. एखादी वस्ती दोन वर्षांचे पैसे साठवून मोठे काम करू म्हणत असेल तर तसा ठराव घेऊन पुढच्या आराखड्यात ते दाखवावे. नाहीतर ‘शिल्लक राहिला’ म्हणून तो निधी दुसरीकडे वळतो.

मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची पद्धत जपली, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा प्रघात पाडला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वदूर गेली. अभ्यास गट मात्र इतर गावांनी फारसे उचलले नाहीत. हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंदही असाच. पाऊस किती पडला, पाणी किती साठले, त्यात कोणते पीक बसते हे दरवर्षी गावासमोर मांडले जाते आणि उसासारख्या पिकाला नकार दिला जातो. दोन्हीकडे लोकांसमोर आधी आकडे आले, निर्णय नंतर झाला. हा क्रम उलटा केला की ग्रामसभेला हात वर करण्यापलीकडे काम उरत नाही.

आता मागणीच्या उत्तराकडे. इंग्लंडमध्ये 2011 च्या स्थानिकता कायद्याने पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, आपल्या हद्दीतल्या जमिनीच्या वापराचा आराखडा करण्याचा अधिकार दिला. मसुदा सहा आठवडे लोकांसमोर ठेवावा लागतो. त्यानंतर पॅरिशला एक निवेदन जोडावे लागते: कोणाला विचारले, कसे विचारले, कोणते मुद्दे आले आणि त्यांचे काय केले. मग त्रयस्थ परीक्षक तपासतो आणि शेवटी गावात मतदान होते. त्यांची व्यवस्था, त्यांचे पैसे, त्यांचा जमिनीचा कायदा आपल्यासारखा नाही, त्यामुळे सगळे जसेच्या तसे आणायचा प्रश्न नाही. पण ते चार प्रश्नांचे निवेदन आपल्याकडे उद्यापासून लिहिता येईल.

त्याचा नमुना एका वहीत मावतो. रकाने पाच: मागणी, वस्ती, निर्णय, कारण, पुढची तारीख. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: घेतले, पुढच्या वर्षी, दुसऱ्या विभागाकडे पाठवले, घेता येत नाही. ‘विचाराधीन’ हा शब्द चालणार नाही. कारणाच्या रकान्यात खरे कारण लिहावे: जागा खासगी आहे, वनविभागाची परवानगी लागेल, रक्कम पुरत नाही, जलजीवनमधून हेच काम होणार आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठवले असेल तर पत्राचा जावक क्रमांक लिहावा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ही वही मोठ्याने वाचावी. दीडशे मागण्या असल्या तर तास-सव्वातास लागेल. ज्याची मागणी नाकारली गेली त्यालाही कारण ऐकायला मिळेल, आणि कारण खोटे असेल तर ते खोडायची जागाही तीच.

आक्षेप येतील. ग्रामसेवकांकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो, त्यांनी सहा वस्त्यांत सहा संध्याकाळी कशा घालवायच्या? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता कामा नये. बैठका घेण्याचे काम ग्रामसेवकावर टाकूच नये. वॉर्ड सदस्य, बचत गटाची एक महिला, एक शिक्षक किंवा आशा आणि दोन तरुण असा पाच जणांचा संसाधन गट प्रत्येक वस्तीसाठी करावा. ग्रामसेवकाने दोन गोष्टी द्याव्यात, एक पानी हिशेब आणि शेवटी मागण्यांच्या वहीवर सही. दुसरा आक्षेप, गावात गट-तट आहेत, बैठका म्हणजे भांडणे. भांडण पैसे खर्च झाल्यावर तक्रार अर्जातून होण्यापेक्षा आधी समोरासमोर झालेले परवडते. अर्जातल्या भांडणात चौकशी लागते, काम थांबते, बिल अडकते.

गणपूर्तीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक सभेला हवेत. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे वीस-पंचवीस माणसांसमोर वर्षाचा आराखडा मंजूर होऊ शकतो आणि तो कायदेशीर ठरतो. आमचे म्हणणे असे, की आराखड्याच्या सभेपुरती तरी तहकुबीची ही वाट बंद करावी. सर्व वस्ती बैठकांची इतिवृत्ते जोडलेली नसतील तर आराखडा पोर्टलवर मंजूर होऊ नये, अशी अट घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. इतिवृत्त सभा संपण्यापूर्वी लिहून वाचून दाखवावे. नंतर लिहिलेल्या इतिवृत्तात ठराव वाढतात.

आराखडा मंजूर झाला म्हणून लोकांचे काम संपत नाही. प्रत्येक कामाचे मोजमाप कामाच्या जागी फलकावर लावावे. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागते, आणि एम-20 दर्जाला घनमीटरला साधारण 8 पोती धरली तर सिमेंटची सुमारे 360 पोती. हे दोन आकडे गावाला माहीत असले की समोर उतरलेली पोती मोजता येतात. जाडी कडेला न मोजता मधे मोजावी, कारण कडेला साचा असतो म्हणून तिथे ती नेहमी बरोबर भरते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र गावाच्या हातात नाही. वित्त आयोगाचा निधी हा गावात येणाऱ्या पैशाचा एक छोटा भाग आहे. आमदार निधी, 2515 या लेखाशीर्षाखालची गावातल्या मूलभूत सुविधांची कामे, दलित वस्ती सुधार, आदिवासी वस्त्यांसाठीची ठक्करबाप्पा योजना, जिल्हा वार्षिक योजना, जलजीवन हे सगळे वेगवेगळ्या दारांनी येतात. त्यांतली बरीच कामे शिफारशीवर ठरतात आणि गावाला फलक लागल्यावर कळतात. ज्या गावाने चिंचोके मोजून शाळेच्या शौचालयाला पहिला क्रमांक दिला, त्याच गावात त्याच वर्षी दुसऱ्या निधीतून कमान उभी राहते. गावाने मग आराखडा मनावर का घ्यावा? केरळने 1996 च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देऊन टाकला होता. तिथल्या बैठकांना लोक आले त्यामागे हे कारण होते, ठरवायला खरोखर काही होते.

महाराष्ट्राला त्यासाठी नवी तरतूद शोधायची गरज नाही. घटनेचे कलम 243 झेडडी सांगते, की जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करायचा आहे. राज्याने 1998 साली समित्यांचा कायदाही केला. खालून आलेल्या योजना एकत्र करणे हे समितीचे घटनेने सांगितलेले काम आहे, पण बैठकांमध्ये चर्चा होते ती वरून आलेल्या रकमेच्या वाटपाची. इथे एकच अट पुरेशी होईल. कोणत्याही शासकीय निधीतून गावात काम मंजूर करताना ते त्या गावाच्या मंजूर आराखड्यातल्या कोणत्या अनुक्रमांकाचे आहे, हे प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात लिहिलेले असावे. अनुक्रमांक नसेल तर आधी ग्रामसभेचा ठराव, मग मान्यता. आपत्तीतली कामे यातून वगळावीत, बाकी कोणतीही नाहीत. येत्या ऑक्टोबरच्या मोहिमेआधी ग्रामविकास आणि नियोजन विभागांनी मिळून हा एक शासन निर्णय काढावा, आणि तोवर ज्या ग्रामपंचायतींना जमेल त्यांनी आपल्या आराखड्याची क्रमांकासह प्रत आमदार, जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन अधिकारी यांना पोच घेऊन द्यायला सुरुवात करावी.